पेरणाऱ्याकडे पाभर नव्हती का?

रविवारची मिस्सा संपली की आमच्या चर्चच्या आवारात माणसांचे दोन भाग पडतात. पंधरा वर्षांखालचे सगळे धर्मशिक्षणाच्या वर्गाला बसतात आणि त्यांच्यावरचे सगळे आपापल्या मोटारसायकलींना टेकून उभे राहतात. बसलेल्यांना देव कोण, त्याने जग कशासाठी निर्माण केलं, संस्कार सात कोणते, दहा आज्ञांमध्ये चौथी कुठली, हे सगळं शिकवावं लागतं. टेकलेल्यांना ते येतं, असं धरून चालायची पद्धत आहे. येतं की नाही हे कोणी कधी तपासलेलं नाही. कोणी तपासू नये याची काळजीही टेकलेली मंडळी एकजुटीने घेतात. पॅरिशमध्ये इतकी एकजूट दुसऱ्या कुठल्याही बाबतीत दिसत नाही.

मी बसलेल्यांना शिकवतो. सगळा जन्म जिल्हा परिषदेच्या शाळेत खडू झिजवण्यात गेला. निवृत्त झाल्यावर फादर म्हणाले, "मास्तर, तुम्हाला सवय आहे," आणि तेव्हापासून रविवार माझा राहिला नाही. आमचा पट्टा श्रीरामपूर-राहुरीचा. भोवती ऊस, आणि हल्ली उसात बिबट्या. मुलं सतरंजीवर बसतात. शाळेत ज्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही अशी पोरं इथे बिनधास्त प्रश्न विचारतात, कारण इथे मार्क नाहीत. नोहाच्या तारवाची गोष्ट चालली होती. एका पोराने विचारलं, "सर, तारवात बिबट्या व्हता का?" होता म्हटलं. "जोडीनं?" जोडीनं. "मग शेळ्या कुठं बांधल्या व्हत्या?" त्याच्या घरची शेळी नुकतीच बिबट्याने नेली होती, त्यामुळे प्रश्न पोथीतला नव्हता, गोठ्यातला होता. दुसऱ्याने परस्पर उत्तर दिलं, "नोहानं पिंजरा लावला आसंल." त्यावर तिसरा म्हणाला, "पिंजऱ्यात बिबट्या जातोय व्हय?" उत्पत्तीच्या पुस्तकात पिंजऱ्याचा उल्लेख नाही. वनखात्याच्या पिंजऱ्यांचा मात्र आमच्या पोरांना अनुभव आहे. त्या दिवशी जलप्रलय तसाच राहिला आणि चर्चा बिबट्यावरच संपली.

पाच भाकरी आणि दोन माशांच्या चमत्काराचंही तसंच. मराठी बायबलात भाकरी आहे म्हटल्यावर पहिला प्रश्न येतो: ज्वारीची का बाजरीची? वरवर पाहता पोरकट प्रश्न. पण चार शुभवर्तमानांपैकी एकट्या योहानाने त्याचं उत्तर देऊन ठेवलेलं आहे. भाकरी जवाच्या होत्या, म्हणजे गरिबाच्या. गहू पिकवणाऱ्या घरचं ते जेवण नव्हतं. मी हे सांगितलं तेव्हा मुलांना फारसं काही वाटलं नाही. व्हरांड्याच्या कठड्यापलीकडून मात्र आवाज आला, "आस्सं? हे आम्हाला कुणी सांगितलं न्हाई."

म्हणजे टेकलेले ऐकत होते तर.

आमचा वर्ग व्हरांड्यात भरतो आणि मोटारसायकली कठड्याला लागूनच उभ्या असतात. पोरांना घरी न्यायचं म्हणून मोठे थांबतात. तोंडाने कांद्याचा भाव चाललेला असतो, पण एक कान इकडे असतो. पेरणाऱ्याचा दृष्टान्त आला तेव्हा हा कान उघडा पडला. काही बी वाटेवर पडलं, काही खडकावर, काही काट्यांत आणि काही चांगल्या जमिनीत, इथपर्यंत मी आलो आणि पलीकडून एका आण्णांनी हरकत घेतली. "मास्तर, त्याच्याकडं पाभर नव्हती का? पाभरीनं पेरलं तर बी वाटंवर जाईलच कसं?" लगेच एका आजीने दुजोरा दिला: चाड्यावर मूठ धरायला बाई असती तर एक दाणा वाया गेला नसता. मग मी सांगितलं की त्या काळी पॅलेस्टाईनमध्ये आधी बी फेकायचं आणि मग वरून नांगर फिरवायचा, असं बायबलचे काही अभ्यासक मानतात. त्यामुळे पेरताना वाट आणि शेत वेगळं कळत नसे. आण्णांनी विचार केला. "मंग बराबर आहे," ते म्हणाले. दृष्टान्त मान्य झाला तो असा, शेतकऱ्याची अब्रू शाबूत ठेवून. त्यांचा नातू माझ्यासमोर बसून हे सगळं ऐकत होता. आजोबा देवाशी वाद घालतात आणि पटलं की मान्यही करतात, हे त्याला त्या दिवशी कळलं. हा धडा माझ्या पुस्तकात नव्हता.

गाडी मग खडकाळ जमिनीवर आली. दृष्टान्तात चार प्रकारची जमीन आहे आणि जी जशी आहे ती तशीच राहते. नगर जिल्ह्यात हे तितकंसं खरं राहिलेलं नाही. स्वित्झर्लंडहून 1948 साली भारतात आलेले जेझुइट फादर हर्मन बाखर यांची कित्येक वर्षं याच जिल्ह्यात गेली. माणसं दुष्काळात गाव सोडून जातात त्याचं मूळ उघड्या डोंगरात आणि वाहून जाणाऱ्या पाण्यात आहे हे त्यांनी ओळखलं आणि पाणलोटाच्या कामाचा ध्यास घेतला. पुढे 1993 साली त्यांनी फादर क्रिस्पिनो लोबो यांच्यासोबत 'वॉटर' ही संस्था उभी केली. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीत तिने गावकऱ्यांना घेऊन माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर खणले, बांध घातले, झाडं लावली, चराईबंदी पाळायला लावली. जिथे टँकरची वाट बघत होते तिथे विहिरींना पाणी लागलं. कठड्यापलीकडून एक जण म्हणाला, "म्हंजी खडकावर पडलेलं बियाणंबी उगवतं, आधी चर खणायला पाहिजेत." खडकाळ मनावरची प्रवचनं मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. त्यांत चर खणायची सूचना कोणी केल्याचं आठवत नाही.

द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दृष्टान्त तर आमच्याकडे फार जपून घ्यावा लागतो. द्राक्षमळा म्हटलं की आमची माणसं नाशिककडे बघतात, पण मजुरी म्हटलं की स्वतःकडे. मालकाने पहाटे काही मजूर लावले, मग नऊला, बाराला, तीनला, आणि शेवटी पाच वाजता आणखी काही. संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर सारखाच रोज ठेवला. सकाळपासून राबलेले कुरकुरले. इथे आमचं सगळं आवार कुरकुरणाऱ्यांच्या बाजूने उभं राहतं. "असा मालक आमच्याकडं असता तर दुसऱ्या दिवशी सगळे पाचलाच गेले असते," एक जण म्हणाला. दुसऱ्याचं म्हणणं, उक्तं दिलं असतं तर भांडणाला जागाच नव्हती. मी देवाची कृपा, देवाची उदारता वगैरे काढलं, पण समोरच्यांचा हिशेब जुळेना.

कांदालावणीला आणि खुरपणीला जाणाऱ्या एक बाई मुलीला न्यायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पाचला ज्याला बोलावलं, तो दिवसभर कुठं व्हता? चौकातच उभा व्हता ना? कामापरीस ते उभं राहणं जड आसतं, मास्तर. जो सकाळी गेला त्याला सकाळीच कळलं, आज चूल पेटणार. ह्याला पाच वाजेपोतर ठाव नव्हतं. त्याचा रोज कमी का धरायचा?"

हिशेब जुळला. फादर तिथेच चहा घेत होते, त्यांनीही ऐकलं. पुढे तो उतारा मिस्सेला आला तेव्हा त्यांनी हेच सगळं प्रवचनात सांगितलं, फक्त कोणाकडून ऐकलं ते सांगितलं नाही. बाई पुढच्या रांगेत होत्या. बाहेर आल्यावर शेजारणीला म्हणाल्या, "फादर आज बरे बोलले."

मुलांच्या वर्गात मोठ्यांनी तोंड घालायची ही रीत आमच्या आवारात सुरू झाली असं कोणी समजू नये. ती चारशे वर्षं जुनी आहे आणि तिचे मराठी वाङ्मयावर मोठे उपकार आहेत. इंग्लंडहून आलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स गोव्याच्या साष्टी प्रांतात होते. आपल्या ख्रिस्तपुराणाच्या आरंभीच त्यांनी एक प्रसंग सांगितला आहे. देवळात मुलांची दौत्रीन, म्हणजे धर्मशिक्षण, चाललेलं असताना एक नवख्रिस्ती ब्राह्मण मध्येच बोलला. त्याची तक्रार अशी की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला वाचायला दुसरं पुराण का देत नाही? मोठ्या माणसाची भूक प्रश्नोत्तरांनी भागत नाही, हे त्याचं म्हणणं. पाद्रींनी ते मनावर घेतलं आणि जवळपास अकरा हजार ओव्या लिहिल्या. ख्रिस्तपुराण 1616 साली छापून आलं. मुलांसाठी त्यांनी केलेली कोकणी प्रश्नोत्तरी, दौत्रीना क्रिस्तां, छापायला 1622 साल उजाडलं. तोवर स्टीफन्स वारलेही होते. लहानांना पातळ पुस्तक, तेही उशिरा, आणि मध्येच बोलणाऱ्याला जाडजूड पुराण, तेही आधी! धर्मशिक्षणाच्या कोणत्याही वर्गात इतका भाग्यवान विद्यार्थी पुन्हा झाला नाही. आमचे आण्णा पाभरीवर बोलले त्याबद्दल त्यांना फक्त चहा मिळाला.

रोमने या बाबतीत कायदेशीर तजवीजही केलेली आहे. पोप दहावे पायस यांनी 1905 साली फर्मान काढलं की प्रत्येक धर्मगुरूने दर रविवारी तासभर मुलांना धर्मशिक्षण द्यावं, आणि मोठ्यांनाही वेगळं द्यावं. पहिला भाग जगभर पाळला गेला. दुसऱ्या भागाचं काय झालं ते मोटारसायकली सांगतील. याच पोपनी 1910 साली प्रथम ख्रिस्तशरीराचं वय सातेक वर्षांवर आणून ठेवलं. त्यामुळे पांढरे फ्रॉक लहान मापाचे शिवावे लागू लागले आणि पापनिवेदनाला येणाऱ्यांची पापंही त्याच मापाची झाली. पहिल्या पापनिवेदनाच्या आदल्या दिवशी आमची पोरं कोपऱ्यात बसून पापं एकमेकांची बघून लिहितात. मग सगळ्यांचं खोटं बोलणं तीनदा होतं आणि सगळ्यांनी आईला दोनदा उलट उत्तर दिलेलं असतं. शेजारच्या रानातला ऊस मोडून खाणं हे पाप आहे का, यावर दर वर्षी दोन तट पडतात. ज्याचा ऊस आहे त्याच्या मुलाचं मत वेगळं असतं.

आमच्या भागात धर्मशिक्षण आलं ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, जर्मन जेझुइटांबरोबर. फादर थोडे आणि गावं फार. म्हणून गावोगाव मास्तर ठेवलेले. दिवसा हे मास्तर पोरांना बाराखडी आणि पाढे शिकवायचे, आणि दिवेलागणीला शेतातून आलेल्या आयाबापांना गोळा करून प्रार्थना म्हणून घ्यायचे. बहुतेक माणसं महारवाड्यातली, ज्यांना शाळेची पायरी चढू दिली जात नव्हती. पोरगं पाटीवर काय गिरवतं ते बाप बघायचा आणि रात्री दोघं मिळून 'नमो मारिया' घोकायचे. आधी बाप आणि मग मुलगा असा क्रमच नव्हता. राहुरी तालुक्यातल्या केंदळ गावातून फादर हेन्री डोरिंग यांनी 1903 साली 'निरोप्या' मासिक सुरू केलं. खेड्यातून निघालेलं हे मासिक एकशेवीस वर्षं ओलांडून आजही चालू आहे.  त्या काळी गावात अंक वाचणारा एखादा असायचा आणि ऐकणारे बरेच. पोप फ्रान्सिस यांनी 2021 साली कॅटेकिस्टचं, म्हणजे अशा मास्तरांचं, काम चर्चमधली रीतसर सेवा म्हणून जाहीर केलं. जुन्या मास्तरांना हे कळलं असतं तर ते म्हणाले असते, "बरं झालं. घंटा वाजवू का?"

आज्यांच्या शिक्षणाबद्दल मात्र मी बोलायचं धाडस करत नाही. ऑक्टोबरात घरोघरी जपमाळ असते आणि तिचा ताबा आज्यांकडे. अक्षरओळख नाही, पण आनंदाची, दुःखाची, गौरवाची मिळून पंधरा रहस्यं वारांसकट पाठ. मग 2002 साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांत प्रकाशाची पाच रहस्यं वाढवली आणि गुरुवार त्यांना दिला. म्हणजे म्हातारपणी अभ्यासक्रम बदलला! आमच्या वाडीतल्या एका आजीने ऐकून घेतलं आणि विचारलं, "पंधरा म्हणून म्हणून माझा नवरा गेला, सासू गेली, ती सगळी स्वर्गात पोचली न्हाई का?" पोचली असतील असं फादर म्हणाले. "मंग ही पाच कशाला?" तरीही तिने ती शिकून घेतली. शिकवली कोणी? चौथीतल्या नातीने, चुलीपुढे बसून. नातीचं स्वतःचं पाठांतर कच्चं होतं. आजीपुढे चुकायला नको म्हणून ती माझ्याकडे येऊन दोनदा विचारून गेली. मी तिला वर्षभर जे शिकवू शकलो नव्हतो ते तिने त्या आठवड्यात केलं.

मोठ्यांसाठी रीतसर वर्गही आम्ही काढून पाहिला. मिस्सेच्या शेवटी सूचना झाली, फळ्यावर लिहिलं, प्रोजेक्टर आणला. आली ती नेहमीची मंडळी, जी कशालाही येतात आणि ज्यांना आधीच सगळं येतं. बाकीच्यांना कुठे ना कुठे लग्न होतं. मोठ्या माणसाला बाकावर बसवलं की त्याचं वय कमी होत नाही, फक्त मान खाली जाते. त्याला वाटतं, आपल्याला येत नाही हे आता गावाला कळणार. रविवारी टेकून उभं राहायचं खरं कारण हेच असावं असा मला संशय आहे. आळस हे बाहेर सांगायचं कारण.

याउलट हरेगावला बघा. 1949 पासून तिथे मतमाउलीची यात्रा भरते. मारियेच्या जन्माचा सण 8 सप्टेंबरला. त्याच्या आधीपासून नोव्हेना, रोज वेगळे धर्मगुरू, रोज प्रवचन. माणसं नवस फेडायला येतात, मुलांना पाळण्यात बसवायला येतात, गोडीशेव घ्यायला येतात. कॅथोलिक येतात आणि इतर धर्मांचेही येतात. प्रवचन कर्ण्यातून थेट भेळेच्या गाडीपर्यंत पोचतं. तिथे कोणी विद्यार्थी नसतो, त्यामुळे सगळे ऐकतात. परतीच्या टेम्पोत मी ऐकलेलं आहे, कोणत्या फादरांचं काय पटलं आणि काय नाही यावर माणसं श्रीरामपूरपर्यंत भांडत येतात. एवढी चर्चा प्रोजेक्टरने एकदाही घडवून आणली नाही.

मोठ्यांना शिकायला वेळही लागतो. नगर जिल्ह्यात वावरलेल्या लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण डोळ्यांपुढे आहे. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी पाच वर्षं घेतली. नवरा शिकवणारा, घरात वाद घालायला कवी हजर, तरी त्यांनी जे पटवून घ्यायचं ते आपल्या डोक्याने आणि आपल्या वेळेने पटवून घेतलं. पुढे टिळकांचं अर्धं राहिलेलं ख्रिस्तायन त्यांनी पुढे नेलं आणि बराचसा ग्रंथ त्यांनीच लिहिला. टिळक मंडळी प्रोटेस्टंट आणि आम्ही कॅथोलिक. पण नगर जिल्ह्यात शेजाऱ्याकडून विरजण आणायची चाल आहे, तेव्हा हे उदाहरण उसनं घ्यायला हरकत नसावी.

हे सगळं बघून मी पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत एक ठराव मांडला. मोठ्यांचा वर्ग बंद करावा. त्याऐवजी दर रविवारी एका घरातल्या एका मोठ्या माणसाने मुलांच्या वर्गाला येऊन एक गोष्ट सांगावी, कोणतीही, आणि पोरांच्या प्रश्नांना तोंड द्यावं. ज्याला रविवारी बिबट्याचा, भाकरीचा आणि पाच वाजताच्या मजुराचा प्रश्न येणार आहे असं कळेल, तो शनिवारी रात्री बायबल उघडेल. उघडावंच लागेल, कारण पोरं सोडत नाहीत. ठरावाला सूचक मिळाला, तो मीच. अनुमोदन आलं ते फक्त सिस्टरांकडून. "कल्पना चांगली आहे, पुढच्या बैठकीत बघू," असं इतिवृत्तात लिहिलं आहे.

पुढची बैठक होईल तेव्हा होईल. जूनमध्ये नवे वर्ग सुरू होतात आणि पहिल्या इयत्तेला शिकवायला आमच्याकडे अजून कोणी मिळालेलं नाही. तुमच्या पॅरिशमध्येही मिळालं नसणार, विचारून बघा. मानधन नाही, चहा मिळतो. सगळी उत्तरं यायलाच पाहिजेत अशी अट नाही.